टोमॅटोचा जॅम सैल राहतो, तपकिरी होतो आणि दहा दिवसांत बुरशी धरतो. चुकतंय कुठे?

आंबटचुका:

टोमॅटोचा जॅम मुलांच्या डब्यासाठी घरीच करायचा आहे, पण जमत नाहीये. मापं आणि कृती जशीच्या तशी देते, म्हणजे चूक कुठे आहे ते नेमकं सांगता येईल.

लांबट हायब्रीड टोमॅटो २ किलो. धुऊन, चिरून, कच्चेच मिक्सरमधून काढले. रस अर्धा तास झाकून ठेवला आणि मग चाळणीतून गाळला. गाळलेला रस दीड किलो भरला. त्यात ८०० ग्रॅम साखर सुरुवातीलाच घातली. एका लिंबाचा रस, चार वेलच्या. उंच स्टीलचं पातेलं, मध्यम आच, अधूनमधून ढवळणं. कृतीत 'एक तास शिजवा' असं होतं, म्हणून तासाने गॅस बंद केला. कोमट झाल्यावर बाटल्यांत भरला. एकूण १ किलो ७०० ग्रॅम निघाला.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर पोळीवरून ओघळत होता, अगदी सॉससारखा. रंग लाल नाही, विटकरी. आम्ही मुंबईत राहतो, बाटल्या ओट्यावरच्या फळीवर ठेवल्या होत्या. दहाव्या दिवशी एका बाटलीत वर पांढरे-हिरवट ठिपके आले, तेव्हा बाकीच्या फ्रीजमध्ये टाकल्या. त्यात साधारण १२०० ग्रॅम जॅम आहे.

घरी थर्मामीटर नाही, वजनकाटा आहे. जॅमला घट्टपणा देणारं पेक्टिन विकत आणावंच लागेल का? साखर कमी करता येईल का? की गूळच वापरू? आणि हा उरलेला जॅम वाचेल का?


वजनकाटा:

उत्तर तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे, आणि वजन लिहिलंत हे फार बरं केलंत.

जॅम टिकतो आणि जमतो तो त्यातल्या साखरेच्या प्रमाणामुळे. तयार जॅमच्या १०० ग्रॅममध्ये ६५ ते ६८ ग्रॅम विरघळलेला घन भाग हवा, म्हणजे घातलेली साखर आणि टोमॅटोची स्वतःची साखर, आंबटपणा, क्षार असं सगळं मिळून. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमातही जॅमसाठी किमान ६५ टक्केच आहे. टोमॅटोच्या गाळलेल्या रसात हा भाग साधारण ५ टक्के असतो. म्हणजे तुमच्या दीड किलोत ७५ ग्रॅम. अधिक साखर ८००. एकूण ८७५ ग्रॅम. तो ६७ टक्के व्हायचा तर जॅमचं वजन १३०० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. तुमचं आलं १७००, म्हणजे जेमतेम ५१ टक्के. याला जॅम नाही, गोड सॉस म्हणावं लागेल. तो ओघळणारच आणि मुंबईच्या हवेत बुरशीही धरणारच. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: जॅममध्ये ४०० ग्रॅम पाणी जास्त राहिलं.

आता 'एक तास शिजवा' याकडे बघा. पातेल्यात रस आणि साखर मिळून २३०० ग्रॅम होतं. त्यातलं १००० ग्रॅम पाणी उडायला हवं होतं, तुमचं ६०० उडालं. उंच आणि अरुंद पातेल्यातून वाफ हळू जाते. पसरट कढईत तेच काम अर्ध्या वेळात होतं. शेगडीचा बर्नर लहान की मोठा, टोमॅटो पाणचट की गरदार, पातेलं किती रुंद, या सगळ्यावर वेळ बदलते. म्हणून जॅमच्या कृतीत मिनिटं लिहिलेली असली तरी ती फक्त अंदाजाला. गॅस बंद करायचा तो काट्यावर वजन बघून.

तोंडी हिशेब असा: जेवढी साखर घातली त्याच्या १.६ पट वजन होईपर्यंत आटवायचं. साखर ७५० ग्रॅम तर जॅम १२००. साखर ५०० तर ८००. दर किलो रसाला साखर ५०० ते ७५० ग्रॅम या टापूत असली की हा हिशेब चांगला बसतो.

करायचं कसं? सुरुवातीलाच रिकामी कढई, ज्याने ढवळणार तो लाकडी डाव आतच ठेवून, काट्यावर तोला आणि आकडा कागदावर लिहा. समजा १४५० ग्रॅम आलं. ७५० ग्रॅम साखरेचा जॅम करताय तर कढईसकट २६५० ग्रॅम झालं की जॅम झाला. काटा ५ किलोचा असेल तर अडचण नाही. खाली जाड लाकडी पाट किंवा चौघडी केलेलं फडकं ठेवून काटा आधी शून्यावर आणा, मगच गरम कढई ठेवा, नाहीतर काट्याची काच तडकते. शेवटच्या दहा मिनिटांत दोन-तीनदा तोलावं लागतं, दर वेळी गॅस बंद करूनच.

प्रमाण, गाळलेल्या १ किलो रसाला (त्यासाठी साधारण १ किलो ३०० ग्रॅम टोमॅटो लागतात): साखर ७५० ग्रॅम, लिंबाचा रस ८० मिली म्हणजे मध्यम आकाराची चार लिंबं, मीठ दोन चिमटी. लिंबाऐवजी सायट्रिक ॲसिड वापरायचं तर ५ ग्रॅम, साधारण एक सपाट छोटा चमचा. पण हेही काट्यावर तोललेलं बरं. घरचा काटा इतक्या कमी वजनाला चुकत असेल तर सरळ लिंबंच पिळा.

एका वेळी १ किलोपेक्षा जास्त रस घेऊ नका. घरच्या शेगडीवर दोन किलो रस आटायला इतका वेळ लागतो की रंग आणि चव दोन्ही जातात. दोन घाणे लागोपाठ केलेले परवडतात.


केळफूल:

वरचं पाण्याचं गणित बरोबरच आहे. पण या कृतीतली पहिली चूक शेगडीच्याही आधीची आहे, ती सांगते.

टोमॅटो कच्चे वाटून रस अर्धा तास ठेवलात, तिथेच त्याचा दाटपणा गेला. टोमॅटो चिरला किंवा वाटला की त्यातली एन्झाइम्स मोकळी होतात आणि पेक्टिन तोडायला लागतात. पेक्टिन म्हणजे जॅमला धरून ठेवणारा चिकट भाग. अर्ध्या तासात रसाचं खाली पाणी आणि वर गर असं वेगळं झालेलं दिसलं असेल, ते याचमुळे. ही एन्झाइम्स साधारण ८५ अंशांच्या वर निकामी होतात. म्हणून टोमॅटो चिरले की लगेच गरम करायचे, आणि भरभर. सॉस-प्युरीच्या कारखान्यांतही दाट प्युरी हवी असेल तर आधी तापवून मगच वाटतात.

घरी करायची पद्धत: पसरट कढई रिकामीच मोठ्या आचेवर तापवा. दोन-तीन टोमॅटो चिरून टाका, डावाने चेपा. रस सुटून उकळला की पुढचे दोन-तीन चिरून टाका. सगळे एकदम चिरून ढीग घालू नका. ढीग तापायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ एन्झाइम्सना मिळतो. पाणी अजिबात घालायचं नाही. सगळे पडल्यावर झाकण ठेवून ८-१० मिनिटं शिजू द्या, सालं सुटून गुंडाळायला लागतात.

मग हे पुरणयंत्रातून काढा, सर्वांत बारीक चकती लावून. सालं आणि बिया वर राहतात, गर खाली येतो. पुरणयंत्र नसेल तर स्टीलची चाळणी आणि वाटीचं बूड. चाळणीच्या खालच्या बाजूला दाट गर चिकटून राहतो, तो चमच्याने खरवडून घ्या, कारण सगळ्यांत जास्त पेक्टिन त्यात असतं. मिक्सर नकोच. मिक्सरमध्ये हवा शिरून फेस होतो, रस गुलाबी-नारिंगी दिसतो आणि जॅममध्ये बुडबुडे राहतात.

बियांबद्दल एक. बऱ्याच कृतींमध्ये चिरतानाच बिया आणि भोवतीचा बुळबुळीत भाग काढून टाका म्हणतात. तसं करू नका. टोमॅटोचा आंबटपणा आणि खमंग चव त्या बुळबुळीत भागातच जास्त असते. आधी बियांसकट शिजवा, बिया गाळताना जाऊ देत.

टोमॅटोही बदला. लांबट हायब्रीडचा गर भरपूर असतो पण आंबटपणा कमी. दादर-भायखळ्याला भाजीवाल्याकडे गोल, जरा चपटे, देठाशी घड्या पडलेले गावठी टोमॅटो मिळतात, ते आंबट आणि रसाळ. निम्मे हायब्रीड, निम्मे गावठी घेतलेत तर गरही मिळतो आणि चवही. सगळे पूर्ण पिकलेले असावेत, पण लिबलिबीत नकोत. फार पिकलेल्यांत पेक्टिन आधीच तुटलेलं असतं. देठाशी हिरवट-पिवळी झाक असलेले असतील तर फ्रीजबाहेर टोपलीत दोन दिवस ठेवा.

रंगाचं म्हणाल तर थोडा दोष हंगामाचाही आहे. तिशी-बत्तिशीच्या वरच्या तापमानात पिकणाऱ्या टोमॅटोत लाल रंग नीट भरत नाही, ते नारिंगीच राहतात. त्यामुळे मे-जूनच्या मालापेक्षा डिसेंबर ते फेब्रुवारीत येणारा नाशिक-नारायणगावकडचा माल जॅमला उजवा. वर्षाचा जॅम करायचा तर तेव्हाच करावा, तेव्हा भावही उतरलेले असतात.


मोहरी:

तपकिरी रंगाचं मोठं कारण मात्र साखर पहिल्यापासून घातली हेच आहे. तासभर साखर टोमॅटोबरोबर उकळली की ती करपल्यासारखी रंग धरते. क्रम असा ठेवा.

गाळलेला १ किलो रस एकटाच मोठ्या आचेवर आटवा, ७०० ग्रॅम होईपर्यंत. साखर नसल्याने तो सहज लागत नाही, त्यामुळे आच मोठी ठेवता येते. पसरट कढईत १५ मिनिटं पुरतात. मग गॅस बारीक करून साखर घाला आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत ढवळत राहा. न विरघळलेली साखर तळाशी बसली की तिथेच जळते. डाव तळाशी फिरवताना करकर लागत नाही ना ते बघा. करकर थांबली की आच पुन्हा मोठी. आता उडवायचं पाणी फक्त अडीचशे ग्रॅम उरलेलं असतं, ते १२-१५ मिनिटांत उडतं. म्हणजे साखर आचेवर राहते पाव तास, तासभर नाही. रंगात फरक डोळ्यांना दिसण्याइतका पडतो.

लिंबू दोनदा घाला. निम्मा रस साखरेबरोबर, निम्मा उतरवायच्या दोन मिनिटं आधी. पहिल्या निम्म्याने साखरेचा थोडा भाग फुटतो आणि पुढे जॅममध्ये खडे धरत नाहीत. सगळं लिंबू सुरुवातीलाच घातलं तर आंबट आणि उष्णता मिळून पेक्टिन तोडतात. सगळं शेवटी घातलं तर साखर परत दाणेदार होण्याची भीती. तुमच्या दीड किलो रसाला सहा लिंबं लागली असती, तुम्ही एक घातलंत. पेक्टिन जमायला नुसती साखर पुरत नाही, आंबटपणाही लागतो.

आणि लिंबू केवळ चवीसाठी आहे असं समजू नका. टोमॅटो आंबट वाटला तरी त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.२ ते ४.६ च्या आसपास असतो, आणि बाटलीबंद पदार्थांत ४.६ ही धोक्याची रेष धरतात. गोड, पिकलेला हायब्रीड टोमॅटो त्या रेषेवर किंवा पलीकडेही असू शकतो. लिंबू मोजून घातलं की आपण रेषेच्या बऱ्याच अलीकडे येतो.

झाला कसं ओळखायचं? वजन पहिलं, पण डोळ्यांनाही खुणा कळायला हव्यात. सुरुवातीला फेस बारीक आणि उसळता असतो. शेवटाकडे बुडबुडे मोठे, जड, चकचकीत होतात आणि 'पच-पच' आवाज करत फुटतात. डाव तळावरून ओढला की क्षणभर तळ दिसतो. डावाच्या कडेवरून थेंब सुटे न पडता दोन थेंब एकत्र येऊन पापुद्र्यासारखे लोंबतात. बशीची परीक्षा करायची तर दोन स्टीलच्या बश्या आधीच फ्रीझरमध्ये ठेवा. अर्धा चमचा जॅम टाका, एक मिनिट थांबा, बोटाने ढकला. वर सुरकुती पडली आणि भोवती पाण्याची कड सुटली नाही तर झाला. परीक्षा चालू असताना गॅस बंद. तो एक मिनिट चालू राहिला तर जॅम पुढे निघून जातो.

पुढे थर्मामीटर घेतलात तर मुंबईत खूण १०५ अंश. उकळत्या पाण्यात आधी बुडवून तो १०० दाखवतो का बघा, ९८ दाखवत असेल तर तुमची खूण १०३. (पुण्याच्या वाचकांसाठी: तिथे उंचीमुळे पाणीच ९८ अंशांना उकळतं, म्हणून तिथेही १०३.) साखरांबा करणाऱ्यांना सांगायचं तर पाक एकतारीच्या जवळपास.

भांडं स्टीलचं जाड बुडाचं किंवा नॉनस्टिक. साधं ॲल्युमिनियम, लोखंड, बिनकल्हईचं पितळ-तांबं नको, टोमॅटो आणि लिंबू दोन्ही त्याला खातात. शेवटच्या टप्प्यात ठिणग्यांसारखे थेंब उडतात आणि चिकटून भाजतात, लांब दांड्याचा डाव आणि हातावर बाही असू द्या.

वेलची शिजवताना घालू नका, वास उडून जातो. उतरवताना पूड घाला. दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, तीन लवंगा आणि ठेचलेलं आलं मलमलच्या पुरचुंडीत बांधून साखरेबरोबर सोडलं तर टोमॅटोला वेलचीपेक्षा जास्त शोभतं, असं माझं मत. लसूण, कांदा, तेल असलं काही मात्र यात नको. त्याची चटणी होते आणि टिकण्याचे नियम बदलतात.


केळफूल:

पेक्टिनच्या प्रश्नाचं राहिलं. विकतचं आणायची गरज नाही. टोमॅटोत पेक्टिन मध्यम असतं आणि टोमॅटोचा जॅम जेलीसारखा थरथरणारा व्हायचाही नसतो. तो गरामुळे दाट होतो. टोमॅटो चिरल्यावर लगेच तापवले, आंबट पुरेसं घातलं आणि पाणी पूर्ण उडवलं की पोळीवर नीट पसरतो.

तरीही घट्ट हवा असेल तर फळातलंच पेक्टिन द्या. १ किलो रसाला एक अर्धकच्चा पेरू किंवा एक आंबट सफरचंद, साल आणि मधल्या भागासकट चिरून टोमॅटोबरोबरच शिजवायचं आणि पुरणयंत्रातून काढायचं. पेरूचा वास थोडा येतो, सफरचंदाचा येत नाही. पिळलेल्या लिंबांच्या बियाही टाकू नका, त्यात पेक्टिन भरपूर असतं. मसाल्याच्या पुरचुंडीत बांधा, शेवटी पुरचुंडी दाबून बुळबुळीत रस पिळून घ्या. सालाचा पांढरा भाग नको, कडवटपणा उतरतो.

पेक्टिनची पूड घ्यायचीच असेल तर क्रॉफर्ड मार्केटला केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळते. १ किलो रसाला ५ ग्रॅम, आणि पाचपट साखरेत कोरडीच मिसळून, साखर घालायच्या आधी उकळत्या रसात भुरभुरवत ढवळायची. नुसती पूड टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या विरघळत नाहीत.


वजनकाटा:

साखर कमी करण्याबद्दल: दर किलो रसाला ५०० ग्रॅमपर्यंत उतरता येतं, पण जॅम तितकाच जास्त आटवावा लागतो आणि हाती ८०० ग्रॅमच येतो. म्हणजे तयार जॅमची गोडी कमी होत नाही, टोमॅटोची चव मात्र जास्त दाट येते. ज्यांना खरोखर कमी गोड हवा त्यांनी तो ४५-५० टक्क्यांवरच उतरवावा, त्याला जॅमसारखं टिकायची अपेक्षा ठेवू नये, थेट फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावा. जास्त केला असेल तर छोट्या डब्यांतून फ्रीझरमध्ये.

गूळ चालतो, पण रंग काळपट-तांबूसच येणार, लाल मागू नका. गुळात पाणी असतं आणि तो आंबटपणा थोडा मारतो. त्यामुळे एक लिंबू जास्त घाला आणि वजनापेक्षा बशीच्या परीक्षेवर भर द्या. गुळात कचरा असतो, तेव्हा आधी थोड्या रसात विरघळवून गाळून घ्या. निम्मी साखर निम्मा गूळ हा मधला मार्ग चांगला, आलं घातलं तर फारच छान लागतो.


मोहरी:

आता बुरशी. पाणी जास्त होतं हे कारण आहेच, पण 'कोमट झाल्यावर भरला' हेही तितकंच. कोमट जॅम भरून झाकण लावलं की वाफ झाकणाच्या आत जमते, थेंब होऊन परत जॅमवर पडते. तेवढ्या पृष्ठभागावर साखर पातळ होते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. खालचा जॅम चांगला असला तरी वरची ती पातळ फिल्म तिला पुरते. शिवाय कोमट जॅममुळे बाटली आणि झाकण यांवरचे जंतू मरत नाहीत.

बाटल्या काचेच्या, शक्यतो २०० ग्रॅमच्या. मोठी बाटली रोज उघडली जाते आणि मुंबईची दमट हवा रोज आत जाते. लोणच्याची जुनी झाकणं वापरू नका, आतल्या रबराला तेल आणि वास धरलेला असतो. पातेल्याच्या तळाशी फडकं घालून, बाटल्या गार पाण्यात बुडवून पाणी उकळायला ठेवा. उकळी आल्यापासून १० मिनिटं. झाकणं शेवटची पाच मिनिटं. चिमट्याने काढून स्वच्छ कोरड्या फडक्यावर उपड्या ठेवा, त्या स्वतःच्या उष्णतेनेच सुकतात. आत फडकं फिरवू नका. जॅम उतरला की लगेच, बाटली गरम असतानाच, लाकडी पाटावर ठेवून भरा. वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडा. काठावर सांडलेलं गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, कारण काठावरच्या चिकट रेषेवर पहिली मुंगी आणि पहिली बुरशी येते. झाकण घट्ट लावून बाटली दोन मिनिटं उपडी धरा म्हणजे गरम जॅम झाकणाला आतून लागतो. मग सरळ करून हलवू नका, रात्रभर जमू द्या.

पावसाळ्यात एवढ्यावर थांबू नका. भरलेल्या बाटल्या गरम असतानाच परत उकळत्या पाण्यात, झाकणावर दोन बोटं पाणी येईल अशा, १० मिनिटं ठेवा. अशा बंद बाटल्या अंधाऱ्या कपाटात सहा महिने सहज राहतात. उघडलेली बाटली मात्र कोणत्याही ऋतूत फ्रीजमध्येच, आणि चमचा कोरडा. ओला चमचा आणि पोळीचा तुकडा लागलेला चमचा, दोन्ही सारखेच वाईट.

प्रिझर्व्हेटिव्ह कोणी सुचवलं तर: ६७ टक्क्यांच्या जॅमला घरी त्याची गरज नाही. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट तर टोमॅटोत मुळीच नको, ते लाल रंग फिकट करतं.


आंबटचुका:

खूपच नेमकं सांगितलंत सगळ्यांनी. १७०० आणि १३०० हा फरक वाचल्यावर सगळं लक्षात आलं. फ्रीजमधल्या १२०० ग्रॅमचं काय करू? आणि बुरशी आलेल्या बाटलीतला वरचा थर काढून खालचा घेता येईल का? खालचा अगदी चांगला दिसतोय.


वजनकाटा:

बुरशीची बाटली पूर्ण टाका. वर ठिपका दिसतो तेव्हा तंतू खाली उतरलेले असतात, आणि काही बुरशी विष सोडतात जे उकळूनही जात नाही. साखर जास्त असलेल्या घट्ट जॅमबाबत पूर्वी वरचा थर काढून वापरत असत. तुमचा तर ५१ टक्क्यांचा, पातळ आहे. अजिबात ठेवू नका, विशेषतः मुलांच्या डब्यासाठी.

फ्रीजमधल्या बाटल्या एकेक उघडून बघा. झाकण फुगलेलं, उघडताना फस्स आवाज, आंबूस किंवा दारूसारखा वास, बारीक बुडबुडे, यांतलं काहीही दिसलं तर तीही टाका. तसं काही नसेल तर परत आटवता येईल. १२०० ग्रॅमचे ५१ टक्के म्हणजे ६१५ ग्रॅमच्या आसपास घन भाग. तो ६७ टक्के व्हायला वजन ९२० ग्रॅमवर यायला हवं. पसरट कढई, मध्यम आच, सुरुवातीला दोन लिंबांचा रस, शेवटी आणखी दोनाचा. आता साखर आधीपासून आत आहे, तेव्हा तळ सतत खरवडत राहा. रंग परत येणार नाही, विटकरीच राहील. तो घाणा आधी संपवा, फ्रीजमध्येच ठेवा.

यात जास्त आटला आणि चिवट, टॉफीसारखा झाला तर घाबरू नका. दोन मोठे चमचे उकळतं पाणी घालून बारीक गॅसवर विरघळवा, काट्यावर ९२० दिसलं की उतरवा. आठवड्याने साखरेचे खडे दिसले तर आंबट कमी पडलं किंवा आटवणं जास्त झालं. त्यावरही हाच उपाय, फक्त सोबत अर्धं लिंबू. आणि जॅम जमला, पण भोवती पाणी सुटलं तर उलट कारण: लिंबू जास्त झालं. पुढच्या घाण्यात एक कमी करा.


केळफूल:

परत आटवताना त्या वेलच्यांची सालं काढून टाका, दुसऱ्यांदा उकळली की कडवट होतात. पुढचा घाणा ५०० ग्रॅम रसाचा करून बघा: साखर ३७५, दोन लिंबं, जॅम ६००. अर्ध्या तासात होतो, आणि बिघडला तरी पाऊण किलोच टोमॅटो जातात.


आंबटचुका:

रविवारी ९२० चा प्रयोग करते. कढई आणि डाव मिळून १३८० ग्रॅम भरले, म्हणजे काट्यावर २३०० आलं की बंद.


वजनकाटा:

बरोबर. पाट ठेवून काटा शून्यावर आणायला विसरू नका.